म्हशीचं पत्र

"एखादं चांगलंसं पुस्तक द्या," असं कुणी म्हणालं की मी आधी त्या माणसाकडे नीट बघून घ्यायचे. चांगलं म्हणजे कुणासाठी? एकतीस वर्षं मी पणदऱ्याकडच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल होते, आणि या प्रश्नाला धड उत्तर मला शेवटच्या दिवसापर्यंत सापडलं नाही. आमच्याकडे एक आबा यायचे, त्यांना फक्त जाड पुस्तक लागायचं. "बारीक नगं बाई, उसाला पानी धरूस्तवर संपतंय." दुसरे एक गृहस्थ शेवटचं पान आधी वाचायचे आणि त्यात कुणी मेलेलं असलं की पुस्तक टेबलावर तसंच सरकवायचे. लग्न होऊन नुकतीच आलेली एक सून वहीएवढंच पुस्तक मागायची, कारण त्याहून मोठं तिच्या पिठाच्या डब्यात लपत नव्हतं. परत आलेल्या पुस्तकाचं पीठ मी झटकून घ्यायचे आणि तिला अवाक्षर बोलायचे नाही.

लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पंख्याखाली बसून वाचणारी बाई. माझ्या नणंदेचं अजूनही तेच मत आहे. खरं तर वाचायला वेळ कमी आणि राबणूक जास्त. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक द्यायचा, शिक्के मारायचे, कपाटात वाळवी लागली की सगळं उन्हात काढायचं. परत आलेलं पुस्तक उलटं धरून झाडायचं, हा तर माझा पहिला नियम. त्यातून काय काय पडायचं! एसटीची तिकिटं, डेअरीत घातलेल्या दुधाच्या पावत्या, एकदा तर एका मुलीचा दाखवायला काढलेला फोटो. शिवाय वाचून झाल्याची प्रत्येकाची खूण असायची. तेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून वाचक एकविसाव्या पानावर पेन्सिलीने काहीतरी काढून ठेवायचे. कुणाची फुली, कुणाचा गोल. मी वरवर रागवायचे, पण त्या खुणा मी कधी खोडल्या नाहीत.

आणखी एक काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. एखाद्या पुस्तकाचं पान फाटून गेलं असेल, तर दुसऱ्या प्रतीवरून ते हाताने उतरवून काढायचं आणि बांधणीला देताना जागच्या जागी ठेवायचं. बारामतीचे करीमभाई आमची पुस्तकं बांधायचे. ते माझं हाताने लिहिलेलं पान बाकीच्या पानांबरोबर नीट शिवून द्यायचे. माझ्या अक्षरातली निदान साठ-सत्तर पानं आमच्या कपाटांत आजही आहेत. मला त्याचा अभिमान होता. त्याच अभिमानाने पुढे माझी फजिती केली.

आता त्या कादंबरीविषयी. ती सगळी पत्रांतून आहे. दोन सख्ख्या बहिणी, थोरली समुद्राकाठच्या गावात दिलेली, धाकटी लांबच्या शहरात. थोरली लिहिते ती 'प्रिय धाकटे' अशी सुरुवात करून, आणि खाली 'तुझी ताई'. दोघींची खरी नावं शेवटपर्यंत कळत नाहीत. कुणी मधे पडून गोष्ट सांगत नाही, सगळं आपणच दोन पत्रांच्या मधल्या जागेत ओळखायचं. मधेच धाकटीची पत्रं थांबतात. थोरली मात्र लिहीत राहते, उत्तर नाही तरी लिहीत राहते, आणि ती पानं एका बैठकीत वाचणारा वाचक मी पाहिला नाही. कादंबरीचं नाव इथे मुद्दाम सांगत नाही. त्याचं कारण शेवटी कळेल.

हे पुस्तक गळ्यात मारायची माझी एक पद्धत होती. चांगलं आहे, घ्या, असं म्हणायचंच नाही. त्यातलं एक पत्र टेबलाशीच वाचून दाखवायचं आणि पुस्तक मिटायचं. "मग? तिनं काय लिवलं फुडं?" असं समोरून आलं की पुस्तक त्याच्या हातात. आमच्याकडे याच्या दोन प्रती होत्या. एक वाचनालयात बसूनच वाचायची, दुसरी घरी न्यायची. घरी न्यायची प्रत फिरून फिरून इतकी खिळखिळी झाली की एका वर्षी ती बांधणीला द्यावी लागली. त्या वर्षी आमची तपासणी होती. साठेक पुस्तकं एकदम पोत्यात भरून मी करीमभाईंकडे पाठवली. एकही झाडली नाही. परत आली तेव्हा शिक्के मारून तशीच कपाटात लावली.

चार वर्षांनी एका दुपारी वाचनालयात भांडण पेटलं. एका बाजूला कोऱ्हाळे बुद्रुकहून सायकलवर येणारे तात्या, दुसऱ्या बाजूला आमच्या अंगणवाडीच्या वैशालीताई. तात्यांनी घरी न्यायची प्रत वाचली होती, वैशालीताईंनी बसून वाचायची.

"पुस्तकात एकच पत्र खरं हाय," तात्या म्हणाले, "त्ये म्हशीचं."

"तात्या, त्या पुस्तकात म्हैसच न्हाय."

"न्हाय कशी? एवढी लाथ मारतीया ती."

"कुनाला?"

"त्या ताईला! धार काढताना!"

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ती कादंबरी सात-आठ वेळा वाचलेली, त्यामुळे मोठ्या ऐटीत निकाल दिला, की तात्यांचं दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकाशी घोटाळलंय. तात्या चिडून सायकलवर बसले आणि तासाभरात पुस्तक घेऊन परत आले. घामाने निथळत होते. त्यांनी पान उघडून माझ्यापुढे आपटलं.

पान हाताने लिहिलेलं होतं. निळी शाई, आखीव कागद, माझ्या पानांसारखाच. पण अक्षर माझं नव्हतं, आणि मी वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा घालायचे, तो नव्हता.

'प्रिय धाकटे,

तू बाटलीनं दूध पाजलेली चिमी काल व्याली. रेडी झाली. धार काढायला बसले तर पहिल्यांदा मलाच लाथ मारली, तुझंच वळण. सगळ्या गल्लीत चीक वाटला. तुझ्या वाटणीचा खरवस मी एका वाटीत झाकून ठेवला होता. कुणाकडं द्यायचा ते मला कळेना. संध्याकाळी मांजरानं खाल्ला. तू गेलीस तेव्हा मी दारात उभी होते आणि काही बोलले नाही. ते आठवून मला झोप येत नाही. तुला राग असेल तर तसं लिही, पण लिही.

तुझी ताई'

"मला बी वाटलंच," तात्या मागून म्हणाले, "समुद्राकाठची बाई चिकाचं एवढं बरूबर कसं लिवती."

मी ते पुस्तक तात्यांकडून ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बारामती गाठली. करीमभाई खळीचं भांडं ढवळत होते. त्यांनी पान चष्म्याजवळ धरलं, शिलाईवरून बोट फिरवलं.

"माझीच शिलाई हाय. पुस्तकात घडी केलेला कागद व्हता. तुमी दरवेळी हातानं लिवलेलं पान ठेवता, म्हनून घडी मोडली, इस्त्री केली अन् शिवला."

"अहो, वाचायचं तरी!"

"बाई, मी वाचत न्हाय, मी शिवतो. वाचायचं काम तुमचं."

ते अगदी बरोबर होतं. पुस्तक झाडायचा नियम माझा आणि मोडलाही मीच. एका बाईचं पत्र मी चार वर्षं कादंबरीचं पान म्हणून गावभर वाटत होते.

ते पान कापून काढा, असं मी म्हणाले तेव्हा करीमभाईंनी मान हलवली. ते पान ओढलं असतं तर त्याला जोडलेलं पलीकडचं पान सुटलं असतं. म्हणून पुस्तक तसंच घेऊन आले आणि एकविसावं पान उघडलं. तिथे तात्यांचा गोल होता, आणखी पाच-सहा खुणा होत्या, आणि सगळ्यांत वर रांगोळीचे ठिपके द्यावेत तसे चार बारीक ठिपके. ती खूण मी ओळखत होते. ते ठिपके देताना शालनला मी एकदा रंगेहाथ पकडलं होतं. सभासदांचे जुने अर्ज काढून शालनचा अर्ज पत्राशेजारी ठेवला. अक्षर एकच.

शालन म्हणजे आमच्या गावातली बारावी शिकलेली, चार म्हशींचा गोठा एकटीने सांभाळणारी बाई. (नावं मी बदलली आहेत. हा लेख छापायला देण्याआधी दोघी बहिणींना वाचून दाखवलाय.) तिची धाकटी बहीण नंदा. आईवडील लवकर गेल्यामुळे नंदा शालनच्या घरीच वाढली, आणि दोघी जोडीने वाचनालयात यायच्या. पुढे नंदा लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा आमच्या समाजातला, बौद्ध. शालनच्या सासरी हे कुणालाच पटलं नाही. नंदाचं नाव घरात घ्यायचं बंद झालं. इंदापूरला झालेल्या त्या लग्नाला आमच्या गावातून एकटी मी गेले होते आणि ते गावाला ठाऊक होतं.

शालन चार वर्षं वाचनालयात आलेली नव्हती. गोठ्याचं काम वाढलं असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. इतक्या वर्षांची वाचक येईनाशी झाली तर मी एकदा तरी विचारायला जायला हवं होतं. पण गेले नाही.

मी गेले तेव्हा ती गोठ्यात वैरण टाकत होती. मी पुस्तक उघडून दाखवलं. तिने हात पदराला पुसले, पण पुस्तक हातात घेतलं नाही.

"आज आनलं व्हय, बाई?"

"म्हणजे?"

"मी मुद्दाम ठेवलं व्हतं त्यात. तुमी पुस्तक झाडता, मला म्हाईत. म्हनलं, बाईंच्या हातात पडंल. नंदीचा पत्ता तुमच्याजवळच. बाई पोचवत्याल."

तिने पुन्हा वैरणीची पेंढी उचलली.

"मग तुमी काय बोललाच न्हाय. म्हैना गेला, दोन गेले. मला वाटलं, पोरगा तुमच्या समाजातला, आमच्या मानसांनी असं केलं, तर बाईंला राग असनार. त्यांनी वाचून गप बसायचं ठरवलंय. मग कुठल्या तोंडानं येऊ मी तितं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणासमोर रडले नव्हते. त्या दिवशी गोठ्यात रडले. मी वाचलंच नव्हतं, हे तिला दोनदा सांगितलं तेव्हा तिला पटलं. मग तीच माझी समजूत घालायला लागली, त्यामुळे मला आणखीच लाज वाटली.

"अगं, पण फोन तरी करायचास," मी म्हणाले. "नंबर नव्हता का?"

"नंबर हाय की. किती डाव काढला. पन फोनवर पयला शब्द कुठला बोलायचा, बाई? पत्रात खोडता येतंय."

मी तिला विचारलं, हे आता पोचवू का? ती म्हणाली, "पोचवा. ती वाचंल न वाचंल, तिची मर्जी. पन मी लिवलं व्हतं, एवढं तरी तिला कळू द्या."

सुट्टीच्या दिवशी इंदापूरची एसटी धरली. पिशवीत ते एकच पुस्तक. नंदाचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं, दारात कढीपत्त्याचं झाड. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"बाई? ताईला काय झालं का?"

"काही नाही गं, बरी आहे. मी पुस्तक द्यायला आलेय."

"एवढ्या लांब?"

"घरपोच सेवा," मी म्हणाले, आणि ती हसली.

चहा झाल्यावर मी पुस्तक उघडलं. माझी पद्धत अशी की अख्खं पत्र वाचायचं आणि मग मिटायचं. इथे मला पहिल्याच वाक्याला थांबावं लागलं. चिमीचं नाव ऐकताच नंदाने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं होतं. ती उभ्याने वाचत होती. वाचून झालं, पुन्हा वरून वाचलं.

"हे कवाचं?"

"चार वर्षांपूर्वीचं. चूक माझी आहे, नंदा. ताईने वेळेवर दिलं होतं."

"चार वर्षं!" तिचा आवाज चढला. "माझी पोरगी झाली, तवा मी रोज फोनकडं बघायचे. म्हनायचे, ताई ईल, न्हाय तर फोन तरी करंल. अन् हे तितं कपाटात पडून?"

तिचा नवरा बाहेर आला आणि परत आत गेला. शेवटी ती म्हणाली, "ठेवून जावा. मला सगळं पुस्तक वाचायचंय." माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि मीही तशी आशा धरली नाही. पुस्तक मी माझ्या नावावर मांडून घेतलं.

पंधरा दिवसांची मुदत संपली, महिना झाला. इतर कुणाकडे पुस्तक राहिलं की मी स्मरणपत्रं पाठवून भंडावून सोडायचे. हिला एकही पाठवलं नाही. शालन एक दिवसाआड गोठ्यावरून निरोप पाठवायची, "बाई, काय आलं का?" आणि मी नाही म्हणून कळवायचे. दुसरा महिना निम्मा झाला. मला वाटायला लागलं, की नाही नेलं असतं तर निदान दुसऱ्यांदा तरी शालनचं मन मोडलं नसतं.

मग एका सकाळी नंदाचा नवरा बारामतीला कामाला आला होता तो वाकडी वाट करून आमच्याकडे आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "हिनं दिलंय. तुमीच घ्या म्हनली." पुस्तक हाताला किंचित जाड लागलं. माझे हात सवयीने ते उलटं धरायला निघालेच होते, पण मी ते झाडलं नाही. उघडलंही नाही. शालनला निरोप धाडला.

चार वर्षांनी ती वाचनालयाची पायरी चढली. अंगाला वैरणीचा वास, हातात दुधाचा रिकामा डबा. सरळ टेबलाशी आली आणि नव्या वाचकासारखं म्हणाली, "पत्रांचं पुस्तक हाय का?"

मी दिलं. ती वर्तमानपत्रं वाचायच्या बाकावर बसली. पलीकडे तात्या होते, त्यांनी आपणहून पेपर चेहऱ्यापुढे धरला. शालनने पानं उलटली. तिच्या पत्राच्या पुढे एक पान चिकटवलेलं होतं, दोन्ही बाजूंनी भरगच्च लिहिलेलं. ती वाचत होती आणि मी तिच्याकडे बघायचं नाही म्हणून तोच तो शिक्का कोऱ्या कागदावर उमटवत बसले होते. वाचून झाल्यावर तिने डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. कमरेचा मोबाईल काढला, नंबर लावला आणि पलीकडून हॅलो येताच म्हणाली,

"नंदे, तुझ्या चिमीची लेक व्यालीया काल. चीक ठिवलाय. पोरीला घिऊन येतीस का मी येऊ?"

तात्यांच्या हातातला पेपर खाली आला होता. ते माझ्याकडे बघून हसत होते आणि मी त्यांच्याकडे बघून.

त्या रविवारी शालन खरवसाचा डबा घेऊन स्वतः इंदापूरला गेली. घरच्यांना तिने विचारलं नाही, नुसतं सांगितलं. सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. तिच्या दिराने दिवाळीपर्यंत अबोला धरला होता. पण आता नंदाची मुलगी सुट्टीत मावशीकडे येते, म्हशींना घाबरत नाही, आणि आमच्या वाचनालयात तिच्या नावाचं कार्ड आहे.

पुस्तक सुटं झालं तरी चालेल, पत्रं काढून घ्या, असं मी दोघींना म्हणाले होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या," नंदा म्हणाली, "पुस्तकानंच तर लिवायला लावलं." करीमभाईंनी नवं पान शिवून घेतलं, या खेपेला शिवायच्या आधी मला पान न पान दाखवून. दाखल नोंदवहीत पृष्ठसंख्येच्या रकान्यात मी 'अधिक दोन पाने' असं लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हे काय?" मी म्हणाले, "वाचकांची भर." त्यांनी सही केली.

तात्यांनी ते पुस्तक पुन्हा घरी नेलं, आता नवं पत्र आलंय म्हणून. एकविसाव्या पानावर त्यांचे दोन गोल आहेत.

तर कादंबरीचं नाव मी का सांगत नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. नाव सांगितलं तर तुम्ही दुकानातली प्रत घ्याल आणि दुकानातल्या प्रतीत म्हैस नाही. वाचायची असेल तर आमच्याकडे या. मी निवृत्त झाले, तरी सकाळच्या वेळी तिथेच सापडेन. टेबलाशी 'पत्रांचं पुस्तक' एवढंच म्हणा. नंदाचं उत्तर मी आता वाचलंय. 'ताई, राग तर हाय, अन् तो सगळा ऐकून घ्यायला तुला हितं यावं लागंल. पन त्याच्या आधी एक सांग,' अशी त्याची सुरुवात आहे. पुढचं सांगणार नाही. मी आता पुस्तक मिटतेय.